मानेवरचा थेंब आणि आतड्यातील जंत

मांजराला गोळी चारण्याचे काम ज्याने एकदा केले आहे, तो ते दुसऱ्यांदा सहसा आनंदाने करीत नाही. मांजराला पंचात गुंडाळावे, जबडा बोटांनी उघडावा, गोळी जिभेच्या मुळाशी ठेवावी आणि तोंड मिटून गळा हळूच चोळावा, असा विधी पशुवैद्य सांगतात. मांजर गोळी गिळल्याचे सोंग करते आणि घटकाभराने ती कपाटामागे थुंकून टाकते. दुधात किंवा मासळीत औषध मिसळावे, तर त्याचे नाक इतके तीक्ष्ण की ते ताटलीला तोंडही लावीत नाही. पट्टकृमींवर सर्वत्र वापरले जाणारे प्राझिक्वांटेल नावाचे औषध तर चवीला अतिशय कडू आहे. ते जिभेला लागले की मांजराच्या तोंडातून फेसाळ लाळ गळू लागते, आणि घरातील माणसांना वाटते की आपण त्याला विषच पाजले.

विसाव्या शतकाच्या अखेरीस ह्या अडचणीवर एक वेगळाच उपाय प्रचारात आला. प्लॅस्टिकच्या छोट्या नळीत तेलकट द्रव भरलेला असतो. मांजराच्या मानेवरचे केस बाजूला सारून तो द्रव उघड्या त्वचेवर टाकावयाचा, एवढीच कृती. मध्यम आकाराच्या मांजरासाठी अशा एका नळीत ०.७ मिलिलिटर, म्हणजे चहाच्या चमच्याच्या सुमारे सातव्या हिश्श्याइतके औषध असते. जंत आतड्यात आणि औषध मानेवर, हे ऐकून "दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला" ही म्हण कोणालाही आठवावी. तथापि ह्या ठिकाणी म्हण लागू पडत नाही. मानेवर टाकलेले औषध खरोखरच आतड्यापर्यंत पोचते व तेथील जंतांना मारते. ते कसे घडते हे समजण्यासाठी प्रथम त्या जंतांची ओळख करून घेतली पाहिजे.

जंत कोठून येतात

गोड खाल्ल्याने मुलांना जंत होतात आणि दूध पिऊन मांजरांना, अशी समजूत पुष्कळ घरांत आढळते. जंत साखरेतून उत्पन्न होत नाहीत आणि दुधातूनही नाहीत. ह्याला एकच अपवाद आहे व तो भाटीच्या स्वतःच्या दुधाचा.

मांजराच्या आतड्यात सर्वांत अधिक आढळणारा जंत म्हणजे टॉक्सोकारा कॅटी नावाचा गोलकृमी. तो पांढुरका असून त्याची लांबी साधारणतः ४ ते १० सेंटिमीटर असते. डोक्याशी दोन्ही बाजूंना पातळ पडदे असल्यामुळे ते बाणाच्या टोकासारखे दिसते. मादी रोज हजारो अंडी घालते आणि ती विष्ठेबरोबर बाहेर पडतात. ही अंडी इतकी सूक्ष्म असतात की एका मिलिमीटरात चौदा अंडी ओळीने मावतील. बाहेर पडलेले ताजे अंडे निरुपद्रवी असते. मातीत दोन ते चार आठवडे राहिल्यावर त्याच्यात डिंभ तयार होतो आणि मगच ते रोग पसरविण्यास समर्थ होते. अंड्याचे कवच मात्र फार चिवट असते व ते ओलसर मातीत वर्षानुवर्षे टिकू शकते.

असे अंडे मांजराच्या पोटात गेले की डिंभ बाहेर येतो, आतड्याची भिंत भेदतो, रक्तातून यकृतात व तेथून फुप्फुसांत जातो. मग तो श्वासनलिकेतून वर चढतो, खोकल्याबरोबर घशात येतो आणि गिळला जाऊन पुन्हा आतड्यात पोचतो. जेथून निघाला तेथेच परत येण्यासाठी हा जीव एवढा वळसा का घालतो, हे कोडे प्राणिशास्त्रज्ञांना पुष्कळ काळ पडलेले आहे. उंदीर, झुरळ किंवा गांडूळ ह्यांनी ते अंडे खाल्ले तर डिंभ त्यांच्या शरीरात नुसता दबा धरून बसतो. मांजराने तो उंदीर मारून खाल्ला की त्याला इच्छित स्थळ मिळते. भाटीला गर्भारपणाच्या शेवटच्या दिवसांत नव्याने संसर्ग झाला असेल, तर हे डिंभ तिच्या दुधातून पिल्लांच्या पोटात जातात. दोन महिन्यांच्या पिल्लाचे पोट नगाऱ्यासारखे फुगलेले, अंगावरचे केस निस्तेज आणि पाठीची हाडे वर आलेली, असे दृश्य जेथे जेथे मांजरे आहेत तेथे पाहावयास मिळते. त्याचे कारण बहुधा हेच असते.

दुसरा गोलकृमी म्हणजे अंकुशकृमी. हा जेमतेम एक सेंटिमीटर लांबीचा असला तरी आतड्याच्या अस्तराला चावा घेऊन रक्त पितो, त्यामुळे लहान पिल्ले पांढरीफटक पडतात. त्याचा डिंभ तोंडावाटे तर येतोच, शिवाय तो त्वचा भेदूनही आत शिरू शकतो. ज्या मार्गाने औषध आत जाते त्याच मार्गाने रोगही आत जाऊ शकतो, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

पट्टकृमींची कथा निराळी आहे. डिपायलिडियम कॅनिनम नावाच्या पट्टकृमीचे अंडे पिसवेची अळी खाते. त्या अळीची पिसू होते. आणि अंग चाटताना मांजर ती पिसू गिळते. मांजराच्या शेपटीखाली किंवा त्याच्या बसावयाच्या पोत्यावर काकडीच्या बियांसारखे हलणारे पांढरे तुकडे दिसतात, वाळल्यावर ते तांदळाच्या कणीसारखे भासतात. ते ह्याच कृमीचे सुटे झालेले खंड होत. दुसरा एक पट्टकृमी, टीनिया टीनिइफॉर्मिस, उंदराच्या यकृतात वाढतो व उंदीर खाणाऱ्या मांजराकडे येतो.

मुलांचे डोळे

हा केवळ मांजराच्या प्रकृतीचा प्रश्न असता, तर त्यावर इतके संशोधन झाले असते की नाही ह्याची शंकाच आहे. १९५० साली अमेरिकेतील रोगविज्ञ हेलेनॉर वाइल्डर ह्यांनी शस्त्रक्रियेने काढून टाकलेले मुलांचे ४६ डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांतील पुष्कळ डोळे कर्करोगाच्या संशयाने काढलेले होते. २४ डोळ्यांत कर्करोग नव्हताच. तेथे गोलकृमीच्या डिंभाच्या खुणा होत्या. ते डिंभ टॉक्सोकारा वंशाचे होत हे १९५६ मध्ये ओळखले गेले. दरम्यान १९५२ साली न्यू ऑर्लिन्स येथे पॉल बीव्हर व त्यांचे सहकारी ह्यांनी मुलांच्या यकृतात भटकणारे तसलेच डिंभ दाखवून दिले होते. मातीत खेळणारे मूल हात न धुता बोट तोंडात घालते आणि डिंभयुक्त अंडे गिळते. माणसाच्या शरीरात तो डिंभ प्रौढ होऊ शकत नाही. तो वाट चुकलेल्या प्रवाशाप्रमाणे यकृत, फुप्फुसे व क्वचित डोळा ह्यांत फिरत राहतो. ह्या रोगात कुत्र्याच्या गोलकृमीचा वाटा अधिक मानला जातो, परंतु मांजराच्या कृमीकडूनही तो होऊ शकतो.

नामसादृश्यामुळे एक घोटाळा नेहमी होतो, तो येथेच दूर केलेला बरा. गर्भवती स्त्रियांना ज्याविषयी सावध केले जाते तो टॉक्सोप्लाझ्मा हा एकपेशीय जीव आहे. तो जंत नव्हे, आणि जंतांवरील थेंबाचा त्याच्यावर काहीही परिणाम होत नाही.

थेंबाचा प्रवास

जनावराच्या पाठीवर औषध ओतून शरीरातील कीटक मारण्याची कल्पना प्रथम गुरांच्या बाबतीत, १९६० च्या सुमारास, रूढ होऊ लागली. गुरांच्या कातडीखाली वाढणाऱ्या माशीच्या अळ्या त्या रीतीने मारता येत असत. मांजराच्या आतड्यातील जंतांपर्यंत पोचावयाचे म्हणजे काम अधिक अवघड होते.

त्वचेचा सर्वांत वरचा थर, ज्याला शृंगस्तर म्हणतात, तो मृत व चपट्या पेशींचा बनलेला असतो. ह्या पेशी विटांप्रमाणे रचलेल्या असून त्यांच्या सांध्यांत स्निग्ध पदार्थांचा गिलावा असतो. पाण्यात विरघळणारे पदार्थ ह्या भिंतीवरून ओघळून जातात. स्निग्ध पदार्थांत विरघळणारे तिच्या सांध्यांतून झिरपू शकतात. त्यातही रेणू लहान असावा लागतो. ज्यांचा रेणुभार ५०० हून अधिक आहे असे पदार्थ त्वचेतून सहसा पार होत नाहीत, असा एक ढोबळ नियम आहे. प्राझिक्वांटेलचा रेणुभार ३१२ आहे, म्हणजे तो नियमात बसतो. परंतु त्याच्या जोडीला दिल्या जाणाऱ्या इमोडेप्साइड ह्या औषधाचा रेणुभार १,११९ आहे, आणि तरीही ते आत जाते. ते अत्यंत स्नेहविद्राव्य आहे हे एक कारण. मांजराची बाह्यत्वचा पेशींच्या अवघ्या काही थरांचीच असते हे दुसरे. आणि तिसरे कारण म्हणजे विद्रावक. सॉल्केटल नावाच्या ज्या द्रवात हे औषध विरघळविलेले असते, तो त्याला त्वचेवर पसरवितो व आत नेण्यास साहाय्य करतो. ह्या यशाचे सारे श्रेय औषधाला दिले जाते; विद्रावक शोधणाऱ्या रसायनज्ञाची आठवण कोणी काढीत नाही.

जनावराजनावरांच्या त्वचेत किती अंतर असते ह्याचे एक बोलके उदाहरण आहे. सेलामेक्टिन हे दुसरे एक औषध कुत्र्याच्या त्वचेवर टाकले असता त्याचा सुमारे ४.४ टक्के अंश रक्तात पोचतो. मांजराच्या बाबतीत तोच अंश सुमारे ७४ टक्के असतो.

शृंगस्तर ओलांडल्यावर औषधाला त्वचेतील केशवाहिन्या मिळतात आणि रक्ताबरोबर ते सर्व शरीरात हिंडते. प्राझिक्वांटेलचे रक्तातील प्रमाण साधारणतः पहिल्याच दिवशी सर्वांत अधिक होते. इमोडेप्साइडला त्यासाठी सरासरी तीन दिवस लागतात, आणि तेव्हाही एक लिटर रक्तरसात ते सुमारे ३२ मायक्रोग्रॅम एवढेच असते. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लक्षांवा भाग. त्याचा मोठा साठा शरीरातील चरबीत होतो व तेथून ते हळूहळू सुटत राहते; रक्तातील प्रमाण निम्म्यावर यावयास सरासरी नऊ दिवस जातात. शरीराबाहेर पडण्याची त्याची मुख्य वाट विष्ठेवाटेच आहे, म्हणजे निघून जाताना ते जंतांच्या वस्तीतूनच जाते. रक्त पिणाऱ्या अंकुशकृमीला तर ते घासाबरोबर मिळते. पट्टकृमीला तोंड नसते आणि अन्ननलिकाही नसते. तो सर्व अन्न अंगाच्या आवरणातूनच शोषून घेतो व औषधही त्याच वाटेने घेतो. प्राझिक्वांटेलमुळे त्याच्या पेशींत कॅल्शियमचा लोंढा येतो, स्नायू आखडतात आणि आवरण फाटते. मग मांजराचे पाचक रस त्याला पचवून टाकतात. म्हणूनच औषध दिल्यावर मेलेला पट्टकृमी बाहेर पडलेला पुष्कळदा दिसत नाही, आणि औषध लागू पडले नाही असा लोकांचा उगाच समज होतो.

कॅमेलियाच्या पानावरील कवक

इमोडेप्साइडचा उगम कोणा प्रयोगशाळेच्या नळीत नसून एका पानात आहे. जपानमध्ये कॅमेलिया नावाचे सुंदर फुलझाड सर्वत्र दिसते. आसाम व दार्जिलिंगचा चहा ज्या झाडापासून मिळतो ते ह्याच वंशातील. कॅमेलियाच्या पानांवर वाढणाऱ्या एका कवकातून जपानी संशोधकांनी पीएफ १०२२ ए असे रूक्ष नाव असलेला एक पदार्थ वेगळा केला व १९९२ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. कोंबड्यांच्या आतड्यातील गोलकृमींवर तो प्रभावी ठरला होता. त्याचा रेणू आठ दुव्यांच्या कड्यासारखा आहे. त्यांत ल्यूसिन ह्या अमिनो अम्लापासून झालेले चार दुवे, लॅक्टिक अम्लाचे दोन व फेनिल-लॅक्टिक अम्लाचे दोन आहेत. ह्या कड्याला दोन ठिकाणी मॉर्फोलिन नावाचे लहान वलय जोडले की इमोडेप्साइड तयार होते. प्राझिक्वांटेलशी त्याची जोडी करून बनविलेले थेंबाचे औषध युरोपात २००५ साली मांजरांसाठी मान्य झाले.

सेलामेक्टिनची कुळकथाही जपानच्याच भूमीत जाते, फक्त पानाऐवजी मातीत. सातोशी ओमुरा ह्यांनी शिझुओका प्रांतातील कावाना येथील एका गोल्फ मैदानाजवळची माती गोळा केली होती. तिच्यातील एका सूक्ष्मजीवापासून अमेरिकेत विल्यम कॅम्बेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी कृमिनाशक द्रव्ये मिळविली. त्या दोघांना २०१५ साली नोबेल पारितोषिकाचा भाग मिळाला. सेलामेक्टिन हे त्या द्रव्यांच्या कुटुंबातील असून १९९९ पासून वापरात आहे.

ही दोन्ही औषधे जंताला लुळे करून मारतात, परंतु निरनिराळ्या ठिकाणी आघात करून. सेलामेक्टिन ज्या कुटुंबातले आहे ती द्रव्ये कृमींच्या मज्जापेशी व स्नायू ह्यांतील क्लोराइड आयनांची द्वारे उघडी ठेवतात. इमोडेप्साइड पोटॅशियमचे एक द्वार उघडते. हे दुसरे रहस्य इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठात मातीत राहणाऱ्या एक मिलिमीटर लांबीच्या निरुपद्रवी कृमीवर प्रयोग करताना उलगडले. ज्या कृमींत त्या द्वाराचे जनुक बिघडलेले होते त्यांच्यावर औषधाचा जवळजवळ काहीच परिणाम झाला नाही, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखविले आहे. द्वार उघडे राहिले की स्नायूंना मिळणारी प्रेरणा विझते. कृमीचा घसा अन्न ओढण्याचे थांबवितो, शरीर सैल पडते आणि आतड्यात टिकून राहण्याची त्याची शक्ती संपते.

थेंब टाकताना

सर्व थेंब सर्व जंतांना मारीत नाहीत, ही गोष्ट नळीवरील मोठ्या अक्षरांत नसते. एकटे सेलामेक्टिन गोलकृमी, अंकुशकृमी व पिसवा ह्यांचा नाश करते, पण पट्टकृमी त्याला दाद देत नाहीत. इमोडेप्साइड व प्राझिक्वांटेल ह्यांची जोडी दोन्ही जातींच्या जंतांवर चालते, पण पिसवांवर नाही. ज्या घरात पिसवा आहेत तेथे नुसता पट्टकृमी मारून भागत नाही. नवी पिसू गिळल्यापासून दोन-तीन आठवड्यांत नवा पट्टकृमी आतड्यात नांदू लागतो.

औषध कवटीच्या पायथ्याशी, मानेच्या वरच्या भागी टाकतात. मांजराची जीभ जेथे पोचत नाही अशी जागा तेवढीच. चुकून ते चाटले गेले तर लाळ गळते व क्वचित वांती होते. केसांवर टाकलेला थेंब केसांवरच राहतो, म्हणून केस दुभंगून कातडी दिसेपर्यंत थांबले पाहिजे. जागा वाळेपर्यंत तिला हात लावू नये व मुलांना मांजराजवळ जाऊ देऊ नये. गर्भवती स्त्रीने हे औषध हाताळूच नये. विद्रावकाचे डाग चामडे, कापड व रंगविलेले लाकूड ह्यांवर पडतात, तेव्हा मांजराला त्या दिवशी गादीवर घेणेही इष्ट नाही.

मात्रा वजनावर ठरते: दर किलोग्रॅमला इमोडेप्साइड ३ मिलिग्रॅम व प्राझिक्वांटेल १२ मिलिग्रॅम. आठ आठवड्यांहून लहान किंवा अर्ध्या किलोग्रॅमहून हलक्या पिल्लांना हा थेंब देत नाहीत. अडचण अशी की दुधातून आलेल्या जंतांवर तिसऱ्या आठवड्यापासूनच उपाय सुरू करावा लागतो; तोवर पातळ औषध तोंडावाटेच पाजावे लागते, आणि सुदैवाने त्या वयात पिल्लांना चावता येत नाही. भाटीला विण्यापूर्वी सुमारे सात दिवस थेंब टाकला तर दुधातून होणारा गोलकृमीचा प्रसार रोखता येतो. प्रौढ मांजराला किती वेळा औषध द्यावे हे त्याच्या राहणीवरून पशुवैद्य ठरवितात. बाहेर हिंडून उंदीर मारणाऱ्या मांजराला वर्षातून चार वेळा तरी ते द्यावे, असा युरोपातील तज्ज्ञांचा सल्ला आहे. विष्ठेचे खोके रोज साफ करण्याचे महत्त्व औषधाइतकेच आहे, कारण अंडे घातक होण्यास लागणारे ते दोन आठवडे माणसाच्या हाती असतात.

एक धोका मात्र मोठ्या अक्षरांत लिहिण्याजोगा आहे. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी व पिसवांसाठी विकल्या जाणाऱ्या काही थेंबांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असते. कुत्र्याचे यकृत ते सहज निकामी करून बाहेर टाकते. मांजराच्या यकृतात ही रासायनिक क्रिया फार दुबळी असल्याने विष शरीरात साचते. अंग थरथरू लागते, झटके येतात आणि वेळीच उपचार न झाल्यास मांजर मरते. दिसावयास दोन्ही नळ्या सारख्याच. पैसे वाचविण्यासाठी कुत्र्याच्या नळीतील अर्धे औषध मांजराला लावण्याची युक्ती ह्यामुळे जिवावर बेतते. कुत्र्याला असा थेंब टाकला असेल, तर त्याच्या कुशीत झोपणाऱ्या मांजरालाही काही दिवस दूर ठेवावे लागते.

मांजरासाठी शोधलेले हे औषध आता माणसाच्या उपयोगी पडण्याच्या वाटेवर आहे. मुलांना होणाऱ्या प्रतोदकृमींवर, म्हणजे चाबकाच्या आकाराच्या जंतांवर, जुनी औषधे फारशी चालत नाहीत. टांझानियातील पेंबा बेटावर झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत इमोडेप्साइडच्या ५ मिलिग्रॅमच्या एकाच मात्रेने हा संसर्ग झालेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के प्रौढ रुग्ण बरे झाले. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. नदीकाठच्या आफ्रिकी खेड्यांत अंधत्व आणणाऱ्या एका कृमीवरही त्याची परीक्षा चालू आहे. ह्या चाचण्यांत औषध अर्थातच तोंडावाटे दिले जाते. माणसे गोळी गिळण्यास सहसा तयार असतात.